दहा महिन्यांचं वर्ष

९ जानेवारी

चिमट्या,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तू ते न फोडताच ठेवून देशील, म्हणून पत्ता टेलरबाईंकडून लिहून घेतला. टेलरबाई म्हणजे माझ्या इमारतीतल्या तळमजल्याच्या भाडेकरू. हो, माझ्या इमारतीतल्या. आधी खाली बस.

जुलैमध्ये मी हॉस्पिटलातून निवृत्त झाले. एकतीस वर्षं लोकांना "श्वास रोखा, हलू नका" म्हणत एक्स-रे काढले आणि फंडाचे पैसे हातात पडले त्याच महिन्यात मी एक इमारत घेऊन मोकळी झाले. तळमजला आणि वर दोन मजले, प्रत्येक मजल्यावर एकच बिऱ्हाड. खाली टेलरबाई, पुढे दुकान, मागे घर. पहिल्या मजल्यावर एक कवळीवाले आहेत, म्हणजे दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून देणारे कारागीर. त्यांचं काम आणि राहणं दोन्ही तिथंच. दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त बाई राहतात. एकट्या, टापटीप, भाड्याची कधी कटकट नाही.

एजंटने मला एका कागदावर हिशोब करून दाखवला होता. तीन भाडी गुणिले बारा. इतका देखणा हिशोब मी जन्मात पाहिला नव्हता. त्यात मुद्रांक शुल्क नव्हतं, नोंदणी नव्हती, वकील नव्हता, विमा नव्हता, घरपट्टी नव्हती, आणि पाण्याचा पंप तर नव्हताच. पंप पहिल्याच आठवड्यात बंद पडून बसला. मी एजंटला फोन केला तर म्हणाला, "बाई, पंप आहे, कधीतरी बसणारच." हे त्याला खरेदीच्या आधी ठाऊक होतं असं दिसतं.

पण मी रडगाणं गायला लिहीत नाही. मला एक प्रश्न विचारायचाय आणि तू इमारतींची तपासणी करणारा माणूस आहेस. कवळीवाल्यांच्या छताला, ते काम करतात त्या टेबलाच्या बरोबर वर, ओलीचा डाग आलाय. डिसेंबरात ताटाएवढा होता, आता चांगला टेबलाएवढा झालाय. एजंट म्हणतो, रंगाचा एक हात मारला की झालं. मारू का?

शेवटी आशीर्वाद लिहायचा मला हक्क उरलाय की नाही, ठाऊक नाही. उत्तर नाही दिलंस तरी चालेल, असं लिहायची पद्धत असते. पण चालणार नाही.

ताई


२ फेब्रुवारी

चिमट्या,

आलं! तुझं उत्तर आलं. तपासणीच्या कोऱ्या फॉर्मच्या पाठीवर दोन ओळी, वर नाव नाही, खाली सही नाही: "रंग मारू नकोस. डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मार, गच्चीवरची टाकी तीन दिवस पूर्ण रिकामी ठेव, मग बघ." सहा वर्षांनी भावाचं पत्र आलं आणि त्यात टाकी! मी ते जिन्यात उभी राहून चारदा वाचलं. टेलरबाईंना वाटलं कोर्टाची नोटीस आली.

तू सांगितलंस तसं केलं. टाकी रिकामी करणं सोपं, भाडेकरूंना सांगणं अवघड. टेलरबाई म्हणाल्या, "तीन दिवस? मालकीणबाई, आम्ही काय उंट आहोत का?" मग खालच्या नळावरून बादल्या भरून वर न्यायच्या असं ठरलं. माझ्या गुडघ्यांची मला लाज वाटत होती, पण कवळीवाल्यांनी माझी बादली उचलली आणि म्हणाले, "दुसऱ्या मजल्याचीही मीच नेतो." एकसष्ट वर्षांचे आहेत, बायको जाऊन आठ वर्षं झाली. हातात बादली असतानाही माणूस ताठ चालतो.

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्यांच्या टेबलाशेजारी स्टुलावर चढून रेघ बघत होतो. डाग रेघेच्या बाहेर तीन बोटं गेला होता. टेबलावर खाली ओळीने सात कवळ्या मांडलेल्या, सगळ्या वर बघून हसतायत. मी म्हटलं, "यांना काय हसू येतंय?" तर ते म्हणाले, "यांचं बरं आहे, यांना दुरुस्तीचा खर्च नाही."

तर टाकी निर्दोष आहे. आता पुढे काय?

ताई

ता. क. सही केलीस तरी मी ती कुठे गहाण ठेवणार नाही.


२१ फेब्रुवारी

चिमट्या,

सही केलीस! आणि या वेळी पाच ओळी. पण त्या पाच ओळींनी मला अशी पकडलीय की एक्स-रेच्या टेबलावर पेशंट झोपावा तशी मी पडून आहे.

तू विचारतोस: डाग डिसेंबरात दिसला, तर दुसऱ्या मजल्यावरच्या बाई कधी राहायला आल्या? आणि लिहितोस, त्यांना सांग की बाथरूमच्या जाळीत रंग घातलेलं पाणी ओता.

त्या बाई नोव्हेंबरात आल्या. त्या बाई म्हणजे मी.

आता हसून घे. मी खोटं लिहिलं, कारण तुला पहिल्याच पत्रात कसं सांगू की दुसरा मजला चार महिने रिकामा पडला होता? एजंट म्हणाला होता, भाडेकरूंची रांग लागेल. रांगेत एक जोडपं आलं, जिने मोजून परत गेलं. एक गृहस्थ आले, त्यांना पियानो वर चढवायचा होता. इकडे रिकाम्या मजल्याची घरपट्टी मी भरतेय, तिकडे माझ्या भाड्याच्या खोलीचं भाडंही मीच भरतेय. शेवटी नोव्हेंबरात खोली सोडली आणि स्वतःच इथं राहायला आले. कवळीवाल्यांना आणि टेलरबाईंना अर्थात माहीत आहे. फक्त तुझ्यापासूनच लपवलं.

पण खरं सांगू? मला इथं फार आवडलं. सकाळी खालून शिलाईमशीनचा आवाज येतो, मधल्या मजल्यावरून कवळ्या घासण्याचा बारीक आवाज येतो, आणि मी वर चहा पीत बसते. रिकामं घर मिळालं म्हणून मी राहायला आले की राहायला मिळावं म्हणून ते रिकामं राहिलं, हे आता मलाच सांगता येणार नाही.

रंगाचं पाणी आम्ही ओतलं. रंग कुठून आणायचा म्हणून विचार करत होते, तर कवळीवाल्यांनी दातांवरचा मळ दाखवणाऱ्या लाल गोळ्यांची अख्खी बाटली काढली. बादलीभर लालभडक पाणी माझ्या बाथरूमच्या जाळीत ओतलं आणि दोघं खाली येऊन डागाकडे बघत बसलो. ते म्हणाले, "वेळ लागेल, चहा टाकतो." दुसरा कप होईपर्यंत छत गुलाबी झालं. अगदी नव्या कवळीच्या हिरड्यांसारखं. त्यांनी टाळी वाजवली, मीही वाजवली, आणि मग लक्षात आलं की आपलंच छत गळतंय आणि आपणच गळवतोय.

डाग वाढतोय म्हणून मी दोन महिने सगळ्यांना धारेवर धरलं होतं. गुन्हेगार माझी रोजची आंघोळ निघाली.

ताई


१२ मार्च

चिमट्या,

आज हसण्यासारखं थोडं कमी आहे.

तू म्हणालास तसं प्लंबरकडून छताचा गिलावा फोडून घेतला. सांडपाण्याचा सांधा तुटलेला होता, तो तर त्याने दोन तासांत बदलला. पण मग त्याने बोलावून मला वर बघायला लावलं. बाथरूमखालच्या तुळईचं काँक्रीट हाताने निघत होतं आणि आतल्या सळया गंजून फुगल्या होत्या. हाडं कशी दिसतात ते मला कळतं, चिमट्या. ते हाड आतून पोखरलेलं होतं. आधीच्या मालकाच्या काळात वर्षानुवर्षं गळत असणार. मजला रिकामा झाला, छत वाळलं, त्यावर रंग चढला आणि मी त्या रंगाला भाळून इमारत घेतली.

तुळईला लोखंडी टेकू लावलेत. कवळीवाल्यांना तिथं काम करता येत नाही, म्हणून त्यांचं टेबल माझ्या पुढच्या खोलीत आणलंय. त्यांना म्हटलं, काम होईपर्यंत अर्धंच भाडं द्या. ते म्हणाले, "टेबलाला उजेड इथं जास्त चांगला आहे. खरं तर जास्त द्यायला हवं."

ठेकेदाराने दुरुस्तीचा आकडा सांगितला. माझ्याकडे जे उरलंय त्यातलं जवळपास सगळं जाईल. आणि बातमीला पाय फुटतात तसा एजंट लगेच हजर. त्याच्याकडे गिऱ्हाईक आहे, इमारत आहे तशी घ्यायला तयार आहे, मी दिले त्याच्या पाऊणपट किमतीला. पाडून नवी बांधणार. टेलरबाई गेल्या सोमवारपासून माझ्याशी बोलताना हातातलं काम थांबवत नाहीत. त्यांनी विचारलं नाही, पण त्यांना कळलंय.

विकू की ठेवू, हे तुला विचारायचंय. पण ते विचारायच्या आधी दुसरं लिहिलं पाहिजे, नाहीतर मी फुकट सल्ला लाटणारी बाई ठरेन.

आईचं घर विकलं तेव्हा तू म्हणालास, ताई, दोघं मिळून एक दुकानाचा गाळा घेऊ. मी हो म्हटलं. कागद मी स्वतः वाचले, सही मी स्वतः केली. बिल्डरने काम अर्धवट सोडलं यात तुझा काय दोष? तुझेही तेवढेच अडकले होते. पण मी तुझ्या सासरच्या माणसांसमोर, भरल्या घरात म्हणाले की, माझ्या घामाच्या पैशाशी तू खेळलास. महिन्याभरात माझा सगळा वाटा परत आला. तू गाडी विकलीस, हे मला वर्षभराने दुसऱ्याकडून कळलं. तोपर्यंत तू बदली मागून समुद्राकाठी निघून गेला होतास.

मी ते पैसे घेतले. नको म्हणायला हवं होतं आणि मी पावतीसुद्धा तपासून घेतली. या इमारतीत फंडाबरोबर तेही पैसे आहेत. आता स्वतः एजंटच्या कागदावर विश्वास ठेवून बसले तेव्हा कळलं, माणूस फसतो म्हणजे काय. तेव्हाही कळायला हवं होतं. चूक माझी होती. तुझी नव्हती. हे मी सहा वर्षं रोज लिहायचं ठरवत होते आणि शेवटी त्यासाठी एक छत गळावं लागलं.

पैसे मागत नाहीये. इमारतीचा अर्धा हिस्सा तुझ्या नावावर करायला तयार आहे. फक्त खरं सांग, विकू की ठेवू?

ताई


२ एप्रिल

चिमट्या,

तुझं जाडजूड पाकीट पोहोचलं. अकरा पानं! तुळईचं चित्र, सळयांची मापं, ठेकेदाराला विचारायचे नऊ प्रश्न. माझ्या कबुलीबद्दल एक अक्षर नाही. मी सहाव्या पानापर्यंत आले, सातव्यापर्यंत आले, आणि तू लिहितोयस फरशीच्या उताराबद्दल.

आणि मग शेवटच्या पानाच्या अगदी तळाशी: "गाडी मला नकोच होती. पार्किंग मिळायचं नाही. हिस्सा नको. इमारत एकदा बघायला बोलाव."

मी जिन्यातच बसले आणि रडले. चांगली हुंदके देऊन. कवळीवाले खालून येत होते, ते दोन पायऱ्या खाली थांबले आणि तिथंच बसले. म्हणाले, "फार मोठा खर्च सांगितलाय का?" मी म्हटलं, "नाही हो, माफ केलाय." ते म्हणाले, "मग पुढचं सोपं आहे."

तुझी अकरा पानं मी पाठ केलीत. त्यातलं एक वाक्य कागदावर लिहून पंपाच्या बटणाशेजारी चिकटवलंय: "भाड्याचं वर्ष दहा महिन्यांचं धर. अकरावा महिना रिकाम्या खोलीचा, बारावा प्लंबरचा." दहा महिन्यांनी गुणून बघितलं. एजंटच्या हिशोबाइतकं देखणं नाही, पण पोट भरेल. कर्ज घ्यायचं नाही, आधी तुळई, मग बाथरूमची फरशी, गच्ची पुढच्या वर्षी. तुझे नऊ प्रश्न ठेकेदारासमोर ठेवले. चौथ्या प्रश्नाला त्याने घाम पुसला, सातव्याला आकडा पाचव्या भागाने खाली आला. नववा विचारायच्या आतच म्हणाला, "बाई, तुमच्या घरात कोण इंजिनियर आहे?" मी इतक्या दिमाखात म्हटलं, "माझा भाऊ!"

एजंटला नकार कळवला. टेलरबाईंना सांगायला गेले तर त्यांनी मशीन थांबवलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "मग आता तरी दुकानाच्या शटरला तेल घाला की." त्यांचा आनंद असाच असतो.

ठेवलीय, चिमट्या. इमारत ठेवलीय.

ताई


१८ मे

चिमट्या,

तुळई झाली. टेकू निघाले. छताला पांढरा रंग लागला, या वेळी आतून बरं झाल्यावर. पाठवलेल्या फोटोत डावीकडे जो अर्धा माणूस दिसतो तेच कवळीवाले. त्यांना पूर्ण फोटोत येणं जमत नाही.

आता एक निव्वळ व्यवहाराचा प्रश्न. शांतपणे वाच.

मालक आणि भाडेकरू यांचं लग्न झालं तर भाडेकरार आपोआप संपतो का?

झालं असं. काम पूर्ण झालं, मी त्यांना म्हटलं, "आता टेबल खाली न्यायला हरकत नाही." ते टेबलाभोवती दोनदा फिरले. मग म्हणाले, "नेता येईल." मी म्हटलं, "हो, येईल." ते म्हणाले, "चौघं लागतील. जड आहे." मी म्हटलं, "चढवताना तर तुम्ही आणि प्लंबर दोघंच होतात." मग ते खुर्चीत बसले आणि माझ्याकडे न बघता एक कवळी घासत म्हणाले, "बाई, मला खाली जायचं नाहीये. भाडं दोन्ही मजल्यांचं देईन. पण तसं नको असेल, तर दुसराही एक मार्ग आहे."

मला अठ्ठावन्नाव्या वर्षी असं लाजता येतं हे माहीत नव्हतं. मी म्हटलं, "म्हणजे माझं एक भाडं बुडणार." ते म्हणाले, "बुडणार. पण पहिला मजला मोकळा होईल, तुळई नवी आहे, भाडं वाढवून मिळेल." बघ, माणूस मागणी घालतानाही हिशोब करून आला होता, आणि हिशोब बरोबर होता! मी हो म्हटलं. घासत होते ती कवळी त्यांच्या हातून पडली. तुटली नाही. काम पक्कं असतं त्यांचं.

टेलरबाईंना कळवलं तर म्हणाल्या, त्यांनी मापं मार्चमध्येच अंदाजाने घेऊन ठेवलीत.

जूनच्या वीस तारखेला नोंदणी कचेरीत सही करायची आहे. तीन साक्षीदार लागतात, एक टेलरबाई आहेत. तू आणि तुझी बायको आलात तर मला दुसरे शोधावे लागणार नाहीत. भरल्या घरात तिच्या माणसांसमोर मी जे बोलले, त्याबद्दल तिलाही एक पत्र वेगळं लिहिलंय. ते तिला तिच्या हातात दे, तू वाचू नकोस.

येशील ना?

ताई


९ जुलै

चिमट्या,

तुम्ही गेल्यापासून इमारत फार गप्प वाटतेय. लग्नाला आलेला माणूस सही करून पाच मिनिटांत हातोडी काढतो आणि भिंती ठोकत तीन मजले फिरतो, हे कचेरीतले कारकून आले असते तर त्यांनाही बघायला मिळालं असतं. नव्या मेहुण्याला गच्चीवर नेऊन उतार कसा चुकलाय ते तू दीड तास समजावलंस. खाली आले ते खूश. म्हणाले, "तुमचा भाऊ माझ्याशी खूप बोलला." मी विचारलं, काय बोलला? "उतार." तुझी बायको आणि मी स्वयंपाकघरात हसून हसून भिंतीला टेकलो. ती भिंत कोरडी आहे, हे तिनेच हात लावून बघितलं. मग तिने माझा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही. माझ्या पत्राचं तिचं उत्तर तेच, असं मी धरलंय.

आणि काल तुझं पत्र आलं. मी ते त्यांना वाचून दाखवायला लागले आणि मध्येच कागद त्यांच्या हातात दिला, पुढचं त्यांनी वाचलं. तू लिहितोस की, सप्टेंबरात तू निवृत्त होतोयस, समुद्राची हवा दोघांनाही मानवत नाही, आणि "पहिल्या मजल्याची जागा भाड्याने देणे असल्यास" तुझे तीन प्रश्न आहेत. अर्जासारखं लिहिलंयस. मीही मालकिणीसारखं उत्तर देते.

जागा देणे आहे. एजंटने काल एक भाडेकरू आणला होता, मी त्याला जागा गेली म्हणून सांगितलं.

पहिला प्रश्न, भाडं. ठरलेलं आहे तेवढंच पडेल, अनामत दोन महिन्यांची. सूट मागितलीयस ती मिळणार नाही. तूच शिकवलंस की, आपल्या माणसाला सूट दिली की मालकाचं वर्ष नऊ महिन्यांचं होतं. मात्र गच्चीचं काम तू उभा राहून करून घेतलंस तर त्याची मजुरी मी देईन, आणि ती तुला घ्यावी लागेल. या वेळी पैसे मी देणार आणि तू पावती तपासणार.

दुसरा प्रश्न, पाणी. सकाळ-संध्याकाळ भरपूर. पंप नवा आहे.

तिसरा प्रश्न तू विचारलायस की, मालकीणबाई वरच्याच मजल्यावर राहतात, तर त्यांचा त्रास होईल का. होईल. रोज सकाळी चहाला बोलावतील, नाही आलास तर खाली येऊन दार वाजवतील. शाळेतल्या कविता अजून म्हणतात, त्याही मोठ्याने. चुकलं तर कबूल करायला पूर्वी फार वेळ लावायच्या, हल्ली सुधारल्यात असं त्यांचे यजमान म्हणतात.

करार सोबत पाठवतेय. दोघांनी सह्या करा, तिच्या नावाने आधी. सामानाचा टेम्पो मागच्या गल्लीतून आणायला सांग, पुढून वळत नाही. कपाटं उचलायला आम्ही तिघंही खाली उभे असू. टेलरबाई त्या दिवशी दुकान बंद ठेवणार आहेत.

लवकर या.

ताई